गाणं मध्येच का तुटतं? हाय-रेझ संगीत आणि घरातले शेवटचे पंचवीस फूट

विलंबित ख्याल रंगात आलेला असतो. गायक मुखडा उचलून समेकडं निघतो आणि नेमका तिथंच आवाज बंद. दोन-तीन सेकंदांनी गाणं जिथं तुटलं तिथूनच पुढं चालू होतं, पण मनात धरलेला ठेका विस्कटलेला असतो. मग पुढची दहा मिनिटं कान गाण्याकडं नसतात, आता पुन्हा कधी तुटेल याकडं असतात.

स्पॉटिफायनं सप्टेंबर २०२५मध्ये 'लॉसलेस', म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमधलं काहीच न गाळणारा दर्जा आणला. तशा सेवेची घोषणा त्यांनी फेब्रुवारी २०२१मध्येच केली होती. ॲपल म्युझिकनं तो दर्जा जून २०२१मध्ये जादा पैसे न घेता दिला. हे संगीत घरच्या ॲम्प्लिफायर-स्पीकरवर ऐकावं म्हणून लोक छोटे नेटवर्क प्लेअर घेतात. नेटवर्क प्लेअर म्हणजे इंटरनेटवरून किंवा घरातल्या हार्ड डिस्कवरून गाणं स्वतः खेचून ॲम्प्लिफायरला देणारी डबी. जोडणी होते, पहिलं गाणं झकास वाजतं, आणि दोन दिवसांत फोन येतो: "प्लॅन दोनशे एमबीपीएसचा आहे, तरी अडतंय. तीनशेचा घेऊ का?"

घेऊ नका. मी घेऊन पाहिला आहे, तसूभरही फरक पडला नाही. बहुतेक घरांत दोष इंटरनेटच्या वेगात नसतो. राउटरपासून प्लेअरपर्यंतच्या शेवटच्या वीस-पंचवीस फुटांत असतो, आणि तो पैसे न खर्चता किंवा चार-पाचशे रुपयांच्या केबलनं दूर होऊ शकतो.

ठिपक्यांची रांगोळी

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. ते आकड्यांत साठवायचे तर ठरावीक अंतरानं त्यांची उंची मोजून लिहून ठेवायची. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात. प्रत्येक मापाची नोंद १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर होते. पहिला आकडा सॅम्पल रेट, दुसरा बिट डेप्थ. यापेक्षा वरच्या दर्जाला हाय-रेझ म्हणतात: २४ बिट, आणि सहसा ९६ किंवा १९२ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी हजार मापं.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. सराव असलेल्या बाईला कुयरी काढायला ठरावीक ठिपके पुरतात. त्यांच्यामधून रेघ कशी जाणार हे ठरलेलं असतं, मध्ये आणखी ठिपके टाकून कुयरी बदलत नाही. ध्वनीचंही तसंच आहे. सर्वांत वरच्या स्वराच्या दुपटीहून अधिक वेगानं मोजलं, तर मधली रेघ पूर्णपणे ठरते. तरुण, निरोगी कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून सीडीसाठी ४४.१ निवडले गेले. "जास्त ठिपके म्हणजे रेघ जास्त गुळगुळीत" हा समज फार पसरला आहे, पण तो चूक आहे. जास्त ठिपक्यांनी आणखी वरच्या, कानापलीकडच्या कंपनांची जागा होते.

आणि लॉसलेस? एमपी३सारखे प्रकार कानाला सहसा जाणवणार नाही तो भाग टाकून फाइल लहान करतात. लॉसलेस प्रकार काहीच टाकत नाहीत. वळकटी बांधली तरी गादीतला कापूस तेवढाच राहतो, तशी फाइल आवळली जाते आणि उलगडल्यावर एकही आकडा बदललेला नसतो. २००१मध्ये आलेला फ्लॅक हा त्यातला सर्वांत रुळलेला प्रकार.

वेग किती लागतो?

गुणाकार सोपा आहे. २४ बिट, ९६ हजार ठिपके, डावा-उजवा असे दोन आवाज: सेकंदाला ४.६ मेगाबिट (प्लॅनमधलं एमबीपीएस ते हेच). १९२चं गाणं असेल तर ९.२. फ्लॅकची वळकटी बांधल्यावर हे बरंच उतरतं. ९६च्या गाण्याला सर्वसाधारणपणे अडीच-तीन मेगाबिट आणि १९२च्याला पाच-सहा धरा. दोनशेच्या प्लॅनपुढं हे काहीच नाही.

पण दुसऱ्या बाजूनं पाहा. नेहमीचं चांगल्या दर्जाचं स्ट्रीमिंग ३२० किलोबिटचं असतं, म्हणजे ०.३२ मेगाबिट. ९६चं गाणं त्याच्या जवळपास नऊपट झालं. मोबाइल डेटावर ऐकलं तर मिनिटाला वीस-एकवीस एमबी जातात, दिवसाचा दीड जीबीचा कोटा सव्वा तासाच्या आत संपतो.

हे नऊपट कुठं बोचतं ते समजायला हवं. प्लेअरमध्ये एक छोटी टाकी असते, तिला बफर म्हणतात. नळाला पाणी कमी-जास्त दाबानं येतं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळं बाथरूममधली धार सारखी राहते, तेच काम ही टाकी करते. समजा तिच्यात ३२०च्या दर्जाचं एक मिनिटाचं गाणं मावतं. त्याच टाकीत ९६चं गाणं सातेक सेकंदांचं मावेल आणि १९२चं साडेतीन. नेहमीच्या दर्जात वायफाय पाच सेकंद गप्प झालं तरी तुम्हाला कळलंही नसतं. १९२च्या दर्जात तीच पाच सेकंदं गाणं तोडतात. वायफाय आधीपासूनच तसं होतं. दिसलं आता.

सरासरी फसवते

स्टॉपवर तासाला सहा बस येतात, असं वेळापत्रक सांगतं. पन्नास मिनिटं एकही आली नाही आणि मग सहाच्या सहा एकामागून एक आल्या, तरी सरासरी सहाच. स्पीड टेस्ट तुम्हाला ही सरासरी सांगते. टाकी रिकामी पडते ती मधल्या पन्नास मिनिटांत.

वायफायवर असं का होतं? कारण ती सगळ्यांची सामाईक हवा आहे. एका वेळी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, हा तिचा नियम. तुमच्या घरातले फोन आणि टीव्ही त्याच रांगेत, आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरचे शेजारीही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. सोसायटीच्या एका मजल्यावर चार फ्लॅट असले की गर्दीचा अंदाज येतो. ब्लूटूथ तिथंच चालतं, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथंच गळतो.

माझं गाणं रात्री आठ ते साडेदहा तुटायचं, सकाळी कधीच नाही. सगळी इमारत त्या वेळी आपापल्या पडद्यांसमोर बसलेली असायची. मोठा प्लॅन घेऊन फरक पडला नाही तो म्हणूनच. नळाचा व्यास वाढवला होता, गर्दी जिन्यात होती.

"मग टीव्हीवर फोर-के सिनेमा कसा चालतो?"

हा आक्षेप रास्त आहे. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटचा वेग मागतं, म्हणजे गाण्याहून कितीतरी जास्त. पण टीव्हीची टाकी मोठी असते, आणि वाट अरुंद झाली की सिनेमा गुपचूप खालच्या दर्जावर उतरतो. चित्र जरा मऊ होतं, आपण पाहत राहतो. प्लेअरवर लॉसलेस दर्जा पक्का निवडलेला असला की बऱ्याचदा अशी उतरायची सोय नसते: पूर्ण दर्जा, नाहीतर शांतता. शिवाय डोळा क्षमाशील आहे. तानपुऱ्याच्या अखंड सुरात क्षणभराची खोच पडली तरी कान दचकतो.

दोष शोधायचा कसा

अंदाजानं सगळं बदलायचं नाही. वाट लांब आहे: कंपनीचा सर्व्हर, इंटरनेट, राउटर, वायफाय, प्लेअर, मग आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा डॅक, ॲम्प्लिफायर, स्पीकर. ती अर्ध्यावर कापायची, दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते पाहायचं, मग तो अर्धा पुन्हा कापायचा. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. लिहिल्याशिवाय यात काही हाती लागत नाही, हे मी आग्रहानं सांगतो.

दोन दिवस फक्त तुटण्याच्या वेळा लिहा. ठरावीक वेळी तुटत असेल तर हवेतली गर्दी. मायक्रोवेव्ह लावल्यावर तुटत असेल तर उत्तर स्वयंपाकघरात. गाणं सुरू झाल्यावर दर वेळी तितक्याच सेकंदांनी तुटत असेल तर टाकी भरण्यापेक्षा रिकामी होण्याचा वेग जास्त आहे.

मग प्लेअरला यूएसबीची खाच असेल तर पेन ड्राइव्हमध्ये ९६ची एक फ्लॅक फाइल घालून वाजवा. तरीही तुटलं, तर नेटवर्क निर्दोष आहे. दोष प्लेअरमध्ये किंवा त्याच्यापुढं. इथं 'रास्पबेरी पाय' या छोट्या संगणकावर स्वतः प्लेअर बांधणाऱ्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पाय ४ला ५ व्होल्ट, ३ ॲम्पिअरचा पुरवठा लागतो, घरातला जुना मोबाइल चार्जर लावला तर तो कमी पडतो आणि आवाज अडखळतो. ३बी आणि त्याआधीच्या पायमध्ये नेटवर्कचं पोर्ट आणि यूएसबी एकाच वाटेवरून जात असत. यूएसबी डॅक लावला की दोघांची ओढाताण होई. २०१९च्या पाय ४पासून ती वाट वेगळी झाली.

पेन ड्राइव्हवर नीट वाजलं, तर प्लेअर उचलून राउटरजवळ न्या आणि लॅन केबलनं जोडा. ही सगळ्यांत बोलकी चाचणी. केबलवर तासभर अखंड वाजलं तर गुन्हेगार वायफाय, पुढं शोधायची गरज नाही. केबलवरही तुटलं तर इंटरनेट किंवा सेवा. तेव्हा त्याच अॅपमध्ये तेच गाणं लॅपटॉपवर लावून पाहा, दुसऱ्या सेवेवरचं गाणं लावून पाहा, आणि फोनच्या मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट प्लेअरला देऊन पाहा. हॉटस्पॉटवर नीट चाललं, तर इंटरनेट कंपनीकडं तक्रार करायला तुमच्या हाती ठोस मुद्दा आहे.

एक उपाय मात्र चाचणी मानू नका: राउटर बंद-चालू करणं. त्यानं तात्पुरतं बरं वाटतं आणि कारण पुसलं जातं.

वायफायच दोषी ठरलं तर

सर्वोत्तम उपाय केबल. कॅट ५ई किंवा कॅट ६ची साधी केबल भिंतीच्या कडेनं नेता येते, १०० मीटरपर्यंत चालते. कित्येक प्लेअरांचं पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, त्यानं बिचकू नका, १९२चं गाणं त्याचा दहावा भागही वापरत नाही. मी पंधरा मीटर केबल स्कर्टिंगवरून नेली आणि रात्री आठची तक्रार त्या दिवशी संपली.

भाड्याच्या घरात किंवा घरच्यांना केबल नको असेल तर राउटरची जागा बदला. फायबर बसवणारा माणूस जिथून तार आत आली तिथंच डबा ठोकून जातो: दाराजवळ, चपलांच्या कपाटात, माळ्यावर. लोखंडी कपाट, फ्रिज, माशांची टाकी आणि काँक्रीटची भिंत हे वायफायचे वैरी. प्लेअर ठेवला आहे तिथं फोन धरून वायफाय मोजणाऱ्या अॅपमध्ये सिग्नल पाहा. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बरा (उणे ५५ म्हणजे आणखी चांगला) हवा. उणे ७५ असेल तर हाय-रेझची आशा धरू नका.

प्लेअरला वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्या. बरेच राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि प्लेअर हळूच २.४वर जाऊन बसतो. नावं वेगळी करा. ५ची पोच भिंतींपलीकडं कमी, हे लक्षात असू द्या. आणखी एक बारीक गोष्ट: ५ गिगाहर्ट्झचे ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि वायफाय मिनिटभर गायब होऊ शकतं. तसं होत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी चॅनेल स्वतः निवडून पक्का करा.

सिग्नल वाढवणारा स्वस्त रिपीटर मात्र जपून घ्या. तो एकाच हवेत ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात आणि गाणं तुटतच राहतं.

फोनला प्लेअर सापडतच नाही

हा वेगळा दोष आहे आणि आपल्याकडं फार आढळतो. फायबर कंपनीचा डबा स्वतःच राउटर असतो, आणि आपण त्याला आपला नवा राउटर जोडतो. घरात दोन वाडे तयार होतात. फोन एका वाड्यात, प्लेअर दुसऱ्यात. अॅप प्लेअरला शोधतं ते अंगणात उभं राहून हाक मारल्यासारखं, आणि हाक वाड्याच्या भिंतीबाहेर जात नाही. उपाय: नव्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, किंवा कंपनीला सांगून त्यांचा डबा 'ब्रिज' मोडमध्ये करून घ्या. फोन पाहुण्यांच्या, म्हणजे गेस्ट वायफायवर असेल तरी हेच होतं.

फक्त १९२ची गाणी मुकी

९६पर्यंत सगळं वाजतं आणि १९२ला शांतता, तर नेटवर्ककडं पाहूच नका. प्लेअरपासून डॅकपर्यंतची ऑप्टिकल केबलची वाट सहसा ९६पर्यंतच भरवशाची असते. जुन्या पद्धतीचे यूएसबी डॅकही ९६च्या पुढं जात नाहीत. कोॲक्सिअल केबल लावा, नाहीतर प्लेअरच्या सेटिंगमध्ये कमाल दर्जा ९६ करा. दर्जा बदलणाऱ्या दोन गाण्यांच्या मध्ये 'टक्' असा आवाज येणं हाही बहुधा डॅकचा स्वभाव, बिघाड नव्हे.

हाय-रेझ खरंच पोचतंय का?

कित्येक घरांत गाणं अजिबात तुटत नाही, कारण ते हाय-रेझ नसतंच. फोनवरून ब्लूटूथनं पाठवलेलं गाणं हाय-रेझ राहत नाही. त्यातला सोनीचा एलडॅक हा रुंद प्रकारही जास्तीत जास्त ९९० किलोबिटचा, आणि सीडीच्या कच्च्या आकड्यांनाच १,४११ लागतात. आयफोनवरून ॲपलच्या 'एअरप्ले' पद्धतीनं पाठवलं तरी ९६ किंवा १९२ त्या वाटेनं जात नाही. स्पॉटिफाय कनेक्टसारख्या पद्धतीत फोन फक्त रिमोट असतो आणि प्लेअर गाणं थेट इंटरनेटवरून खेचतो. ती वाट बरी. शिवाय स्पॉटिफायमध्ये लॉसलेस प्रत्येक उपकरणावर स्वतः चालू करावं लागतं, ॲपल म्युझिकमध्येही हाय-रेझचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन निवडावा लागतो. स्पॉटिफायचं लॉसलेस ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत आहे, तिथं १९२ शोधू नका. प्लेअरच्या किंवा डॅकच्या पडद्यावर दिसणारा आकडा हाच खरा पुरावा.

"महाग लॅन केबलनं आवाज खुलतो म्हणतात"

नाही खुलत. स्ट्रीमिंगचं गाणं पाकिटांत येतं आणि प्रत्येक पाकीट तपासलं जातं. खराब झालेलं किंवा हरवलेलं पुन्हा मागवलं जातं. त्यामुळं गाणं एकतर बरोबर पोचतं किंवा वेळेत पोचत नाही. नेटवर्कमुळं गाणं थांबतं, पण खर्ज पातळ होत नाही आणि सतारीची तार बोथट होत नाही. ते पैसे स्पीकरवर खर्च करा.

इतका खटाटोप करून फरक ऐकू येतो का?

२००७मध्ये मेयर आणि मोरन या अभ्यासकांनी अमेरिकेत हाय-रेझ संगीत थेट आणि सीडीच्या दर्जातून गाळून असं दोन्ही ऐकवलं, आणि फरक ओळखायला सांगितलं. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. २०१६मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी असे १८ अभ्यास एकत्र केले. त्यात १२,५००हून अधिक चाचण्यांत ५२.३ टक्के उत्तरं बरोबर निघाली, आणि प्रशिक्षित कानांचा निकाल त्याहून सरस. म्हणजे फरक असलाच तर अतिशय बारीक आहे.

म्हणून माझं मत: सीडीच्या दर्जाचं लॉसलेस जरूर घ्या, ते वायफायवरही सहसा अडत नाही. १९२साठी जीव टाकू नका. आपल्या जुन्या मैफलींच्या बाबतीत तर मुळीच नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या टेपवरचं गाणं २४ बिट १९२ला उतरवलं, तर जादा आकड्यांत मुख्यतः टेपची सरसर साठते. मूळ टेप जपून, नीट स्वच्छ करून उतरवली आहे की नाही, यानं त्या रेकॉर्डिंगचं नशीब ठरतं.

दोन ट्रॅकमधली फट

एक दोष असा आहे की तो नेटवर्कचा वाटतो आणि नसतो. मैफलीचं रेकॉर्डिंग तुकड्यांत कापलेलं असतं आणि विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुरा अर्धा सेकंद गप्प होतो. प्लेअरला पुढचा ट्रॅक कोणता हे आधीच सांगावं लागतं, म्हणजे तो तयारी करून ठेवतो. काही अॅप हे सांगतच नाहीत, काही प्लेअरांना ते ऐकूच येत नाही. तेच दोन ट्रॅक प्लेअर बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या अॅपमधून लावा. फट गेली तर दोष आधीच्या अॅपचा, ते बदला. नाही गेली आणि सीडी तुमच्याकडं असेल, तर ती संगणकावर उतरवताना दोन्ही ट्रॅक जोडून एकच फ्लॅक फाइल करा. त्यात तानपुरा तुटत नाही.